सात वर्षांच्या शिक्षेचं आठवं वर्ष

आमच्या सोसायटीच्या गेटवर अडीच वर्षं एक वॉचमन होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात सिक्युरिटी एजन्सीने आपल्या माणसांची पोलीस पडताळणी नव्याने करून घेतली आणि मामांच्या नावापुढे जुनी शिक्षा निघाली. गावी शेताच्या बांधावरून मारामारी झाली होती, चुलतभावाच्या डोक्यात काठी बसली, दोन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. सदोष मनुष्यवध, सात वर्षं सक्तमजुरी. माफीचे दिवस वजा जाऊन साडेपाच वर्षांनी सुटका झाली, आणि त्या सुटकेलाही आता नऊ वर्षं होऊन गेली होती. रविवारी सकाळी बी विंगच्या पार्किंगमध्ये तातडीची सभा बसली. एक बाजू म्हणाली, खुनी माणूस आमच्या पोरांना शाळेच्या बसमध्ये बसवून देत होता आणि आम्हाला पत्ता नाही. दुसरी म्हणाली, चूक कोणाच्या हातून होत नाही, गरीब माणूस आहे, जरा दया दाखवू या. दोन तास हेच चाललं. शेवटी हात वर झाले आणि मामा गेले.

मी वकील आहे. विधी सेवेच्या पॅनेलवर असल्यामुळे कच्च्या कैद्यांना भेटायला तुरुंगात माझं नेहमी जाणं असतं. त्या सभेत मला दोन्ही बाजूंचा सारखाच त्रास झाला. ‘काढा’ म्हणणारे आणि ‘दया करा’ म्हणणारे एकमेकांवर ओरडत होते, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: मामांचा निवाडा अजून व्हायचा आहे आणि तो आपण करायचा आहे. तो केव्हाच झाला होता. सत्र न्यायालयाने साक्षीपुरावे पाहिले, दोन्हीकडच्या वकिलांचं ऐकलं आणि सात वर्षं हा आकडा ठरवला. आकडा ठरवला याचा अर्थच त्याला शेवट आहे. तेव्हा माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकते. शिक्षेची मुदत न्यायालय ठरवतं. ती वाढवण्याचा अधिकार सोसायटीला नाही, मालकाला नाही, गावाला नाही. आणि ही गोष्ट लोकांच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. सुटल्यावर ठरावीक वर्षं माणूस सरळ राहिला, तर ती नोंद कायद्यानेच बंद केली पाहिजे. यात दयेचा प्रश्न येतो कुठे? फेडलेल्या कर्जाची पावती मागणाऱ्याला आपण दयेचा भुकेला म्हणतो का?

सभेत कोणालाच ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट मी तिथे सांगितली, आणि ती सांगितल्याने मामांचं नुकसानच झालं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ साली केंद्राने कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे, न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षा रक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून घेता येत नाही. गुन्हा कोणता होता, तो किती जुना, याला तिथे जागाच नाही. म्हणजे आमची सभा झाली नसती तरी एजन्सीला मामांना काढावंच लागलं असतं. आता त्याच्या शेजारी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा ठेवून पाहा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस निवडणूक लढवायला अपात्र ठरतो, पण किती काळ? शिक्षा भोगत असेपर्यंत आणि सुटकेनंतर सहा वर्षं. पुढे तो मोकळा. मामा आमच्या गेटवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या सुटकेला साडेसहा वर्षं झाली होती. त्या दिवशी त्यांना विधानसभेची निवडणूक लढवता आली असती, मंत्री होता आलं असतं. बारा तास उभं राहून गाड्यांचे नंबर वहीत लिहायला मात्र ते जन्मभर नालायक.

ही सहा वर्षं पुरेशी नाहीत, दोषी नेत्यांवर आजीवन बंदी हवी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिला उत्तर देताना जो युक्तिवाद केला तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. अपात्रतेला काळाची मर्यादा घातली की धाकही राहतो आणि अवाजवी कठोरपणाही टळतो, असं सरकारचं म्हणणं होतं. मला हा युक्तिवाद तत्त्व म्हणून पूर्ण मान्य आहे. फक्त तो खासदाराला लागू पडतो आणि वॉचमनला पडत नाही, हे कसं? ज्याच्या हातात राज्याची तिजोरी जाणार त्याच्यासाठी सहा वर्षांचा धाक पुरतो, मग ज्याच्या हातात गेटची कडी आहे त्याच्यासाठी सबंध आयुष्य का लागतं?

आता समोरच्या बाजूचं. सगळ्यांत जड आक्षेप मेलेल्या माणसाच्या बाजूने येतो आणि त्याला वळसा घालून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. चुलतभाऊ परत आला नाही. सभेत मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ‘त्याच्या बायकोच्या शिक्षेला मुदत आहे का?’ त्या दोन तासांतला सर्वांत खरा प्रश्न तोच होता. नाही, तिला सुटकेची तारीख नाही. तिने मामांना जन्मभर क्षमा केली नाही तरी तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये. पण हा हक्क तिचा आहे, आणि तिला न विचारता, तिचं नावही माहीत नसताना, तो आम्ही पार्किंगमध्ये बसून वापरत होतो. मामांची नोकरी गेली म्हणून तिच्या घरात एक रुपया गेला नाही. तिचं देणं द्यायचे रस्ते वेगळे आहेत. कैद्याच्या मजुरीतला काही भाग बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी नुकसानभरपाईची योजना प्रत्येक राज्याने करावी, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. महाराष्ट्रात अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि मुलांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. हे पुरेसं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या विधवेसाठी ज्याला खरोखर तळमळ आहे त्याने ती इथे लावावी. एका कुटुंबाची उपासमार झाली म्हणून दुसऱ्याची झालीच पाहिजे, हा हिशेब ना न्यायाचा आहे ना दुःखाचा.

दुसरा आक्षेप डोळ्यांसमोरच्या चित्रांतून येतो. १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपेचे कैदी गोध्र्याच्या तुरुंगातून सुटले आणि त्यांच्या गळ्यात हार पडले. त्याच्या दीड वर्ष आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तळोजा तुरुंगातून सुटलेल्या पुण्याच्या एका टोळीप्रमुखासाठी द्रुतगती मार्गावर शेकडो गाड्यांचा ताफा निघाला होता. सुटलेल्या माणसांची बाजू घ्यायला गेलं की ही दोन चित्रं तोंडावर मारली जातात. माझंही डोकं ती पाहून भडकलं होतं. अकरा जणांची माफी सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला रद्द केली ते योग्यच झालं. पण तो वाद शिक्षा आधीच गुंडाळण्याचा होता आणि हा संपलेली शिक्षा ताणण्याचा आहे. एकाचा राग दुसऱ्यावर काढणं सोपं पडतं, कारण दुसऱ्याच्या मागे कोणी नसतं.

शिवाय त्या ताफ्यातून निघणारा धडा नेमका उलटा आहे. ज्याच्यासाठी शंभर गाड्या येऊन थांबतात त्याला चारित्र्याच्या दाखल्याची गरजच पडत नाही. दाखला लागतो तो एकटा बाहेर पडून रिक्षाच्या भाड्यासाठी खिसा चाचपणाऱ्याला. आत असताना बराकीत ओळखी होतात, दुसऱ्या कुठल्या व्हायच्या? बाहेर आल्यावर हा माणूस गोदामात जातो, हॉटेलात जातो, बांधकामावर जातो, आणि जिथे पक्की नोकरी असते तिथे पडताळणीचा कागद आड येतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात बराकीतल्या ओळखीचा फोन येतो: ये, गाडी चालवायला माणूस हवाय. टोळीत कोणी पडताळणी मागत नाही. सरळ कामाचे दरवाजे एकेक करून आपणच लावत जातो आणि मग तो उरलेल्या एकाच दरवाज्यातून आत गेला की आपणच म्हणतो, पाहा, आम्ही म्हटलंच होतं.

तरीही काही जण संधी मिळूनसुद्धा पुन्हा गुन्हा करतात, हे खरं आहे. ज्याच्या जामिनाचे कागद मी स्वतः धावपळ करून केले तो महिन्या-दीड महिन्यात पुन्हा आत आलेला मी पाहिला आहे. त्या दिवशी फिर्यादीच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं. म्हणून ‘सगळे सुधारतात’ असलं काही मी म्हणत नाही. पण काल सुटलेला आणि नऊ वर्षांपूर्वी सुटून तेव्हापासून एकाही चौकीची पायरी न चढलेला, यांत फरक करता येत नाही का? करता येतो, आणि कायद्याने करता येतो. इंग्लंडने १९७४ साली असा कायदा केला. शिक्षेच्या लांबीप्रमाणे ठरावीक वर्षं गुन्ह्याविना गेली की ती शिक्षा ‘सरली’ असं मानतात आणि साध्या नोकरीच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. मुलांशी किंवा रुग्णांशी संबंध येणाऱ्या कामांना ही सूट नाही. अतिगंभीर शिक्षा कधीच सरत नाहीत. म्हणजे बसथांब्यावर पोरांना सोडणाऱ्या आईबापांची काळजी त्या कायद्यात बसते. आपल्यालाही ही कल्पना परकी नाही. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात आणि बालन्याय कायद्यात दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता पुसण्याची सोय आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये सुरू झाली, तीही पोलीस आणि तपास यंत्रणांपुरतीच ठेवली आहे. तत्त्व आपण मानलेलंच आहे. प्रौढ, गरीब, शिक्षा भोगून आलेल्या माणसापर्यंत ते आणायचं तेवढं राहिलं.

इथे एक गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायला हवी. नोकरीच्या अर्जातला ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना नुसता काढून टाकला की झालं, असं नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी तो काढला. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दिसलं की नोंद कळेनाशी झाल्यावर मालक नावावरून अंदाज बांधू लागले आणि गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या मानाने कृष्णवर्णी वाटणाऱ्या नावांना बोलावणी आणखी कमी येऊ लागली. आपल्याकडे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. इथे आडनावावरून अंदाज बांधायचं काम दीडशे वर्षं सरकारी शिक्क्याने चाललं आहे.

१८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या प्रकरणात अब्रुनुकसानीच्या गुन्ह्याखाली दोषी ठरले. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं, आणि तो तुरुंगवास त्यांच्या नावाला कायमचा मान होऊन चिकटला. त्याच राज्यकर्त्यांनी त्याच्या अकरा वर्षं आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता, जो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींतली माणसं कोणताही गुन्हा न करता जन्मतःच नोंदली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेरी लावली, बाहेर जायला पास लावला. कुंपण तोडणारा कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला आला आणि या लोकांना ‘विमुक्त’ हे नाव मिळालं. सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांच्या नजरेत जुनी वही नव्या पुठ्ठ्यात आली. गावात चोरी झाली की पहिली जीप अजूनही पालावरच जाते. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवते त्या टिळक-आगरकरांना कमी लेखायला नाही. तुरुंगात गेल्याने माणसावर जो डाग पडतो म्हणतात तो तुरुंगाचा नसतो, हे त्यांतून दिसतं. कोणाला हार घालायचे आणि कोणाला हजेरी लावायची हे आपण आधीच ठरवलेलं असतं.

आणि ज्यांनी काही केलंच नाही त्यांचं काय? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारांतली तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. यांतले कितीतरी निर्दोष सुटतील, पण गल्लीत त्यांची ओळख ‘आत जाऊन आलेला’ हीच राहील. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. सोळा वर्षं गेली होती. त्यांतला एक जण अटकेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले, पुनर्वसनासाठी. चूक आपली झाली हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोकळेपणाने मान्य केलं. गावातला दुकानदार उधार देताना इतका मोकळेपणा दाखवेल?

मराठीत ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि सुटलेल्या माणसाजवळ दोन्हीही नसतात. रेशनकार्डावरून नाव गेलेलं असतं. दोन वर्षं व्यवहार नसल्याने बँकेचं खातं निष्क्रिय झालेलं असतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला. तो सुरू करायला ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्र दुरुस्त करायला तो नंबर हवा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच गाठी सोडवत बसला आहे. तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या न्या. मुल्ला समितीने तर १९८३ मध्येच सुटकेनंतरची मदत ही शासनाची जबाबदारी म्हणून सांगितली. आपल्या कारागृह विभागाचं ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ असं आहे. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचं काम तुरुंगाच्या भिंतीबाहेर सुरू होतं आणि तिथे शासनाचा माणूस क्वचितच भेटतो. दुसरी ओळख, माणसामाणसातली, तर आणखी अवघड. वाल्याच्या गोष्टीत बायकापोरं पापाचे वाटेकरी व्हायला नकार देतात. आपण त्यांना विचारतच नाही. मामांच्या मुलीचं स्थळ दोनदा मोडलं. ती त्या मारामारीच्या वेळी चार वर्षांची होती.

हे सगळं बदलू शकतं यावर ज्याचा विश्वास नाही त्याने आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर पाहून यावं. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीविना राहिली, शेती केली, बायकामुलांना घेऊन संसार केला. या प्रयोगावरून निघालेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमातली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना आपल्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. आमच्या सोसायटीतली मुलंही ती म्हणतात. ज्या बसमध्ये मामा त्यांना चढवून द्यायचे त्याच बसने शाळेत जाऊन.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. मामांनी एजन्सीच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का’ यासमोर ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोटं होतं. ज्यांनी त्यांना काढायला हात वर केला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा रोष शिक्षेपेक्षा या खोट्यावर होता, आणि तो रोष मला समजतो. नंतर मी मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्याडम, आधी तीन ठिकाणी खरं लिवलं व्हतं.’ तिन्ही ठिकाणी फॉर्म परत मिळाला. खरं बोलणाऱ्याला उपाशी ठेवणारा आणि खोटं बोलणाऱ्याला अडीच वर्षं पगार देणारा नियम आपण केला आहे, मग खोट्याचा दोष एकट्या मामांवर कसा टाकणार? माळीकामासाठी सोसायटीने त्यांना थेट ठेवावं, तिथे तो २००५ चा कायदा आड येत नाही, असं मी सभेत सुचवलं होतं. सहा हात वर आले. विरोधात पंधरा.

जायच्या आदल्या दिवशी मामा आमच्या दाराशी आले. अनुभवाचा दाखला हवा होता. एजन्सी देत नव्हती, तर सोसायटीतल्या कोणीतरी चार ओळी लिहून द्याव्यात, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी कागद घेतला, तारीख टाकली, ‘दाखला देण्यात येतो की श्री.’ इथवर लिहिलं आणि थांबले. अडीच वर्षं रोज दोनदा मी त्यांच्यासमोरून गेले होते आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून आधारकार्ड काढून पुढे केलं. पत्ता अजून गावाचाच होता. आडनावासकट पूर्ण लिहू ना, मी विचारलं. पुढच्या पडताळणीत हेच नाव पुन्हा तिथवर नेणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिले.

‘लिवा पूर्ण,’ ते म्हणाले. ‘माझंच हाय.’